बंद करू नये

अंगठ्याखालची ती नखाएवढी काळी चिप आजही गरम होती. रुद्रेशने अंगठा काढला नाही. भाजण्याइतकी काही ती तापली नव्हती, पण चटका बसला तर बरंच, असं त्याला उगाच वाटत होतं... खाली लेथ घरघरत होता, उद्यमनगरात तो थांबतो कधी! दूध तपासायच्या यंत्राचा हा बोर्ड, आणि त्यातल्या सेन्सरला बेताचं व्होल्टेज देणारा हा रेग्युलेटर. काम नसेल तेव्हा त्याने बंद व्हायचं. तो बंद होत नव्हता, कारण रुद्रेशनेच तसं लिहून ठेवलं होतं.

बोर्डावर काय काय बसवलंय हे लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याला, आपणहून कळत नाही. ते एका फाइलीत वर्णन करून सांगावं लागतं. आणि तिथं जे आहे तेच लिहायचं — प्रोग्रामने काय करावं ते नाही, आपल्या सोयीचं तर नाहीच. रुद्रेशने त्यात एक नवा गुणधर्म घडवला होता : बंद करू नये. खाली कारणही दिलं होतं, मोठ्या ऐटीत — या बोर्डाचं सर्किट बंद-चालू सोसत नाही. हे जगभरच्या कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर गेलं. बोर्डाचं सर्किट त्याच्याबरोबर काम करणाऱ्या शांभवीने काढलेलं होतं. तिला विचारायचं त्याला सुचलंही नव्हतं.

सकाळी तिकडून कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. सर्किटमध्ये तर तसं काही दिसत नाही. मग हा दोष हार्डवेअरचा, की तुमच्या ड्रायव्हरचा?

ड्रायव्हरचा. म्हणजे रुद्रेशने लिहिलेल्या प्रोग्रामचा, म्हणजे रुद्रेशचाच. वीज सुरू केली की व्होल्टेज स्थिर व्हायला क्षणभर वेळ द्यावा लागतो, तो न देता त्याचा प्रोग्राम सेन्सरच्या मागे लागत होता — हे त्याला परवाच कळलं होतं. जरा थांबायला लावलं, तर सगळं कसं सुरळीत! आणि मग थांबायला लावणाऱ्या त्या ओळी त्याने पुसून टाकल्या. का? मी काय सांगणार होतो सगळ्यांना — की धीर माझ्यातच नव्हता, आणि खापर मात्र तिच्यावर फोडून मोकळा झालो?

...लहानपणी, गडहिंग्लजच्या त्यांच्या कापडाच्या दुकानात रंग गेलेलं लुगडं घेऊन एक म्हातारा आला होता. आप्पांनी, रुद्रेशच्या वडिलांनी, ते हातातसुद्धा घेतलं नाही. "तुमच्या हिरीचं पाणीच जड असणार की, पावणं." म्हातारा वाद घालील असं रुद्रेशला वाटलेलं, पण त्याने मान हलवली, लुगड्याची घडी घातली, आणि आपल्या विहिरीची लाज वाटल्यासारखा पायरी उतरून गेला. त्या दिवशी आप्पांकडे बघवलं नव्हतं. आपण असं कधीच करणार नाही, असं किती सहज ठरवून टाकलं होतं.

"रुद्रेश."

शांभवी उभी होती. हातात सर्किटचा नकाशा, बोटांना लाल शाई. डोळे चोळून चोळून तांबडे केलेले.

"लई शोधलं बघ मी. मला तर काय गावंना. पन तू एवढं लिवलंस म्हंजे असणारच की कायतरी." ती खाली बघत राहिली. "माझ्या बोर्डापायी तुला जगाम्होरं उत्तरं द्याय लागाल्यात. साहेबांस्नी सांगून आलो मी, चूक माझी हाय म्हणून. बोर्ड परत काढतो. राग न्हाय न्हवं आला?"

"न्हाय," रुद्रेश म्हणाला.

ती गेली. आणि त्याच्या छातीवरचा भार उतरला — खरंच उतरला, सकाळपासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला, आता त्या अनोळखी माणसाला काय लिहायचं ते तयार होतं, बोर्ड बदलतोय म्हणायचं, संपलं... मग आपण सुटकेचा निःश्वास टाकतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. समोरच्या टेबलाशी शांभवी वाकून, बरोबर असलेल्या रेघांवर एकेक करून लाल काट मारत होती. तिला हाक मारायला हवी होती. मघापर्यंत नुसती चूक सांगायची होती, ती कशीबशी सांगताही आली असती. आता मात्र हेही सांगावं लागणार होतं, की ती माफी मागत होती तेव्हा त्याला बरं वाटलं होतं.