यांच्यासाठी राखून

बायपास होऊन दोन महिने झाले आणि बाइंडरकाकांना घरात बसून बसून वीट आला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची पुस्तकं बांधली होती. वकिलांचे जाडजूड ग्रंथ, शाळांची हजेरीपुस्तकं, कुणाच्या आजोबांच्या चिकटवह्या. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. आता डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली होती. म्हणजे लोखंडी प्रेस बंद, कटिंग मशीन बंद. राहिलं काय, तर सुई-दोरा आणि खळ.

त्या दिवशी त्यांची नजर स्वतःच्याच हॉस्पिटलच्या फाइलवर पडली. फाइल कसली, नुसता पसारा! रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, विम्याची पुस्तिका, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेलं. काकांना असले सुटे कागद बघवत नसत. बायको दुकानात गेली होती. ती यायच्या आत सगळं नीट लावून शिवून टाकू, म्हणून त्यांनी टेबलावर कागद पसरले.

तारखांप्रमाणे लावता लावता एक कागद हाताला वेगळा लागला. जाडीने वेगळा, आकारानेही थोडा लहान. सोनोग्राफीचा रिपोर्ट. आपली सोनोग्राफी कधी झाली, असा विचार करत त्यांनी वर पाहिलं, तर नाव बायकोचं. तारीख महिन्यापूर्वीची. पित्ताशयात खडे, एक नाही, अनेक. खाली सर्जनच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: ‘वारंवार कळा येतात. शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी.’

काका खुर्चीत टेकले. गेल्या महिन्याभरातलं एकेक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ती ताटातलं अर्धं बाजूला सारायची आणि म्हणायची, भूकच नाही. उजव्या बरगडीखाली हात दाबून ओट्याशी उभी राहायची. परवा तर घामाने डबडबली होती. काकांनी घाबरून विचारलं, तर म्हणाली, “ॲसिडिटी आहे हो. तुम्ही आपलं तुमच्या छातीकडे बघा.” आणि काकांनी खरंच स्वतःच्या छातीकडेच बघितलं होतं.

रिपोर्ट विम्याच्या पुस्तिकेतल्या ज्या पानात ठेवला होता, ते पान ॲड-ऑनचं होतं. मूळ रक्कम संपल्यावर विमा पुन्हा भरून देणारं ॲड-ऑन. समासात पेन्सिलीने, तिच्या टपोऱ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘एकदाच. यांच्यासाठी.’

काकांनी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मग रिपोर्ट होता तसा ठेवला, कागद पिशवीत भरले. बायको घरी आली तेव्हा ते खिडकीशी बसून बाहेर बघत होते.

“काय हो, गप्पसे?” तिने विचारलं.

“काही नाही. दोरा संपलाय. उद्या सकाळी जाऊन आणतो.”

“एकटे?”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तुझ्या पहाऱ्यात चालायला सांगितलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी काका पुस्तिका सदऱ्याच्या आत लपवून, दर कोपऱ्यावर दम खात विमा कंपनीच्या कार्यालयात पोचले. काउंटरपलीकडे त्यांच्या लेकीच्या वयाची एक मुलगी बसली होती. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून तिने प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलं होतं: स्टेपलर, पाण्याची बाटली, स्वतःचा चष्म्याचा डबा. काकांनी पुस्तिका पुढे केली.

“याला पिन चुकीच्या जागी मारलीय,” ते म्हणाले. “पानं सुटणार. पण ते राहू द्या. मला हे पान समजावून सांगा. सावकाश.”

मुलीने हसून पान उघडलं, पॉलिसीचा नंबर टाकून स्क्रीन बघितली. “काका, तुमची दोघांची मिळून एकच पॉलिसी आहे. वर्षाला एक ठरावीक रक्कम, दोघांत मिळून. तुमच्या बायपासला ती पूर्ण संपली.”

“ते ठाऊक आहे.”

“पण तुम्ही हप्ता थोडा जास्त भरून हे ॲड-ऑन घेतलं होतं. त्यामुळे रक्कम संपली की तेवढीच पुन्हा भरली जाते. वर्षातून एकदा. तशी ती भरलेली आहे, कुणी हातही लावलेला नाही.”

“म्हणजे उद्या माझ्या हृदयाने पुन्हा दगा दिला, तर ती आहे.”

“नाही, काका.” मुलगी जरा पुढे झुकली. “सगळ्यांची गफलत इथेच होते. ज्या माणसाच्या ज्या आजारावर मूळ रक्कम खर्च झाली, त्याच माणसाला त्याच आजारासाठी त्या वर्षात ही भरलेली रक्कम वापरता येत नाही. काही पॉलिसींत येते, तुमच्या पॉलिसीत नाही. तुमचा पाय मोडला तर मिळेल. काकूंना काही झालं तर मिळेल. तुमच्या हृदयाला मात्र नाही.”

“आणि वापरलीच नाही तर?”

“पाच महिन्यांनी वर्ष संपतं, त्याबरोबर ही रक्कमही. पुढच्या वर्षात ओढून नेता येत नाही. पॉलिसी चालू ठेवलीत की मूळ रक्कम नव्याने सुरू होते.”

काकांनी काउंटरची कड धरली. मुलीने चटकन उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. “बरं वाटत नाहीये का?”

“मला काही झालेलं नाही,” काका म्हणाले. त्यांनी समासातले पेन्सिलीचे शब्द तिला दाखवले आणि पानातला रिपोर्ट उलगडला. “ती महिनाभर कळा सोसतेय. माझ्यासाठी राखून ठेवलंय म्हणे. आणि ज्याच्यासाठी राखलंय, त्याच्या उपयोगाचं ते नाहीच.”

मुलीने शब्द वाचले. मग तिने नाक पुसलं आणि एकदम कामाला लागली. “पहिली दोन वर्षं खड्यांच्या ऑपरेशनला विमा मिळत नाही, पण तुमची पॉलिसी नवव्या वर्षात आहे, तो प्रश्न मिटला. हॉस्पिटलमध्ये विम्याची खिडकी असते, तिथे हा रिपोर्ट द्या. ते कंपनीकडून मंजुरी मागवतील. मंजूर होईलच, असा शब्द मी इथे बसून देऊ शकत नाही. पण रक्कम आहे काका, आणि ती काकूंची आहे. त्यांना एकदा घेऊन या, मला बघायचंय त्यांना.”

काका घरी आले तेव्हा बायको टेबलाशी मटार सोलत होती. त्यांनी पुस्तिका उघडून तिच्यासमोर ठेवली. तिचा हात थांबला.

“दोरा कुठाय?” तिने विचारलं.

“दोरा भरपूर आहे घरात.”

“मग फाइल का उचकलीत? न विचारता?”

“आणि तू दुखणं का लपवलंस? न सांगता?”

तिने शेंगा बाजूला सारल्या. ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली होती. तिचा आवाज कधी चढत नसे, घाई करत नसे. आता मात्र शब्द अडखळत आले.

“तुम्ही अतिदक्षता विभागात होतात तेव्हा कंपनीतून फोन आला होता. रक्कम संपली, पण पुन्हा भरली जाईल, एकदाच. मी तीनदा विचारलं, एकदाच का? ती बाई म्हणाली, एकदाच. मग पुढे हे खडे निघाले. मी म्हटलं, खडे थांबतील. नवीन वर्ष सुरू झालं की बघू. तुमच्या हृदयाला पुन्हा काही झालं, तर ते नव्या वर्षासाठी थांबणार आहे का?”

“त्या बाईचं पूर्ण ऐकून घ्यायचं होतंस.”

“हो ना. जन्मभर नव्या मुलींना शिकवलं, समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय लाइन तोडायची नाही. आणि नेमकी स्वतःच तोडली.”

काका शेजारी बसले आणि काउंटरवर ऐकलेलं सगळं त्यांनी तिला सांगितलं. तिला पुन्हा पळवाट मिळू नये म्हणून हृदयाचंही सांगितलं. तिने आधी एक सुस्कारा सोडला. मग तिच्या चेहऱ्यावर भीती पसरली.

“म्हणजे तुमच्या हृदयासाठी पाच महिने काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“आणि हे तुम्ही हसत सांगताय?”

“रडत सांगितलं तर मिळणारे का? पाच महिने मी ठणठणीत राहायचं, बस्स.”

“हे कुठल्या कलमात लिहिलंय?”

“तू लिही ना. समासात जागा आहे.”

ती हसली आणि हसता हसताच तिच्या बरगडीत कळ आली. या वेळी तिने ती लपवली नाही. डोळे मिटून काकांचा हात घट्ट धरला. कळ ओसरेपर्यंत काकांनी तो सोडवला नाही. मग म्हणाले, “रात्री मी शेजारी घोरत होतो आणि तू हे असं सोसत होतीस?”

“खुर्चीत बसायचे. बसलं की जरा कमी होतं. तुमची झोप मोडायला नको.”

“मोडायची,” काका म्हणाले. “यापुढे खुशाल मोडायची.”

चौथ्या दिवशी ती हॉस्पिटलात दाखल झाली. विम्याच्या खिडकीतून कागद गेले आणि तासाभरात कंपनीची शंका आली: हा दावा आधीच्या आजाराशी संबंधित आहे का? बायकोचं तोंड उतरलं. सर्जनने वैतागून दोन ओळी खरडल्या: रुग्ण वेगळा, आजार वेगळा. दुपारी मंजुरी आली तेव्हा खिडकीतल्या माणसाने नुसता अंगठा वर केला, आणि काकांनी त्या अनोळखी माणसाला काचेतूनच हात जोडले.

तिला आत नेल्यावर काका बाहेरच्या बाकावर बसले. याच बाकावर बायपासच्या दिवशी ती सहा तास बसली होती. तेव्हा काका भुलीत होते, त्यांना वेळेचा पत्ताच नव्हता. आता समोरचं दार हललं की ते बाकावरून अर्धवट उठायचे. कुणी नर्स बाहेर येऊन पलीकडे निघून जायची, आणि दार पुन्हा मिटायचं. लेकीचा फोन आला, “बाबा, काही खाल्लंत का?” काकांना आठवेना. त्या सहा तासांत बायकोने काय खाल्लं असेल, हे त्यांनी तिला आजवर विचारलंही नव्हतं.

सर्जन बाहेर आला तो बाटली हलवतच. आत मुगाएवढे पिवळट खडे होते. “अठरा निघाले. बाई चिवट आहे तुमची. आणखी महिनाभर थांबली असती, तर मात्र सोपं गेलं नसतं.”

सकाळी काका भेटायच्या वेळेच्या आधीच वॉर्डात हजर. ती उशांना टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, पण नजर लख्ख. केसांचा नुसता गुंता झाला होता.

“हात वर केला की टाके ओढतात,” ती म्हणाली. “नर्सला सांगा, वेणी घालून देईल का.”

“नर्स कशाला?”

“तुम्हाला येते?”

“न यायला काय झालं?”

येत नव्हतीच. पहिली वेणी कानाजवळ सुरू होऊन मानेपाशी तिरकी गेली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली आणि मग तिथूनच सूचना देऊ लागली, “तीन भाग करा हो, दोन नव्हे! ओढू नका, नुसतं गुंफा.” काकांनी केस सोडले, पुन्हा विंचरले, पुन्हा तीन भाग केले. पांढरे झालेले ते केस इतके मऊ असतील, असं त्यांना वाटलं नव्हतं. बायको डोळे मिटून बसली होती.

“ते पाच महिने आजपासून मोजायचे का?” तिने विचारलं.

“चार महिने आणि पंचवीस दिवस.”

“जिन्याने जायचं नाही. वजन उचलायचं नाही. आणि चोरून विमा कंपनीत जायचं नाही.”

“जायचं झालं तर तुला घेऊन जाईन. त्या मुलीलाही तुला बघायचंय.”

“मला? कशाला?”

वेणीच्या शेवटाला बांधायला काही मिळेना, म्हणून ते टोक बोटांत धरून तसेच उभे राहिले. नर्स गोळ्या घेऊन आली, तरी त्यांनी ते सोडलं नाही.