दोघांचा जबाब

लक्ष्मीकांतनं दोन्ही हात पुढे धरून सीटचा पट्टा कसा सोडवला ते करून दाखवलं. "असा. धूर इतका, की आपला हात आपल्याला दिसेना. पण सीमाचा पट्टा उघडला आणि मगच मी जागचा हललो."

समोर बसलेल्या गृहस्थांनी नुसती मान हलवली. लक्ष्मीकांतची बायको सीमंतिनी प्लास्टरमधला डावा हात उशीवर टेकवून खिडकीतून ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातली वर्दळ बघत राहिली.

जानेवारीत ती दोघं मुलाकडे, विहंगकडे निघाली होती. दाट धुक्यात विमान उतरवायचा दुसरा प्रयत्न चालला होता आणि धावपट्टीच्या अलीकडेच ते शेतात आदळलं. बेचाळीस माणसं गेली. दोन महिन्यांत लक्ष्मीकांतची ही हकिगत तिनं कितीदा तरी ऐकली होती. समाजाच्या सत्कारात, शेजाऱ्यांपुढे, फोनवर. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला वाटलं, धक्क्यानं यांना भलतंच आठवतंय. विमानात खिडकीशी बसलेला हा माणूस तिच्या मांडीवर पाय देऊन बाहेर पडला होता. तिनं "अहो" अशी हाक मारली होती. जिवाच्या भीतीनं माणसाचं काय होतं ते तिलाही कळत होतं. चौतीस वर्षांच्या संसारात हे एवढं तिनं पोटात घातलं होतं.

"मी इथल्याच हजिऱ्याहून आलो," गृहस्थ म्हणाले. "दौलतसिंह. बस डेपोत मेकॅनिक होतो. त्या विमानात एअर होस्टेस होती ना, गरिमा, तिचा बाप."

लक्ष्मीकांतचे हात खाली आले.

सीमंतिनी सरसावून बसली. पाणी देताना त्या मुलीनं दोघांचं ग्वाल्हेरी वळणाचं मराठी ऐकलं होतं आणि वाकून म्हणाली होती, "काकू, मी पण ग्वाल्हेरचीच."

दौलतसिंहांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"विमान कंपनीनं तुमच्या जबाबाची ही नक्कल दिली, साहेब. यात तुम्ही लिहिलंय की मदतीला कुणी आलं नाही. एक होस्टेस सगळ्यांच्या आधी मागच्या दाराकडे पळताना दिसली. पोरगी मागच्या दाराशीच सापडली. तिची जागा तर पुढे होती." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मोहल्ल्यात लोक बोलतात. तिची आई घराबाहेर निघत नाही. मी भांडायला नाही आलो. एवढंच विचारायचं, की तुम्ही खरंच पाहिलं का? पाहिलं असेल तर मी समजून घेईन."

लक्ष्मीकांत खाकरला. "हे बघा, त्या गोंधळात जे दिसलं ते लिहिलं. वय कोवळं, घाबरली असेल बिचारी. त्यात तिला दोष नाही देत मी."

सीमंतिनीनं हात पुढे केला. "बघू."

"सीमा, तुला कशाला उगाच त्रास..."

दौलतसिंहांनी कागद तिच्या हातात दिला.

अक्षर लक्ष्मीकांतचं होतं, निवृत्त प्राचार्याचं, वळणदार. खाडाखोड कुठेच नाही. तळाला त्याची सही. त्याखाली तिची.

सही वाकडी होती, ओळीखाली घसरलेली. इस्पितळात पाठीवर पडल्या पडल्या केलेली. "विम्याचे कागद आहेत, एवढ्या ठिकाणी सह्या कर," म्हणत त्यानं पेन तिच्या बोटांत धरून दिलं होतं. काय आहे ते तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. त्यानं पुढे केलेला कागद तिनं आजवर कधी वाचलाच नव्हता.

तिनं जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचला. मांडीवरचा तो पाय भीतीचा होता. हे मात्र त्यानं टेबलाशी बसून, शब्द तोलून लिहिलं होतं.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "पण हे आज पहिल्यांदा वाचतेय मी."

"डोक्याला मार बसलाय हिच्या," लक्ष्मीकांत दौलतसिंहांना म्हणाला. "डॉक्टरांनीच सांगितलंय. हिला नीट आठवत नाही."

"माझा पट्टा गरिमानं सोडवला."

दौलतसिंहांनी मान वर केली.

"बक्कल अडकलं होतं. ती सारखी म्हणत होती, 'काकू, माझ्याकडे बघा, बस, माझ्याकडे.' मला धरून तिनं मागच्या दारापर्यंत आणलं आणि बाहेर ढकललं. मी खालून वर पाहिलं, तर ती परत आत चालली होती."

दौलतसिंहांनी विचारलं, "घाबरली होती?"

"हो. पण परत आत वळली." सीमंतिनीचा आवाज बारीक झाला. "यांनी असं लिहून दिलंय ते मला माहीत नव्हतं, भाऊ. पण यांची गोष्ट खोटी आहे, हे माहीत होतं. आणि दोन महिने मी गप्प बसले."

त्यांनी 'असू द्या' म्हटलं नाही. तिलाही ते नको होतं.

ती उठली, चपला पायांत सरकवल्या. "कोर्टाबाहेर जबाब टाइप करून देणारे बसतात ना? चला."

"विहंगचा तरी विचार कर," लक्ष्मीकांत मागून म्हणाला. मग अगदी हळू, "मी परत येणारच होतो गं."

ती दारात थांबली.

"मी हाक मारली तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलं होतं आणि तसेच निघून गेला होतात," ती म्हणाली. एवढं वाक्य तिनं आजवर स्वतःशीही उच्चारलं नव्हतं.

ती दौलतसिंहांबरोबर बाहेर पडली.

कोर्टाच्या भिंतीशी टाइपवाला छत्रीखाली बसला होता. त्यानं तिचं नाव, वय, पत्ता घेतला, पतीचं नाव घेतलं. तिनं सगळं नीट सांगितलं.

"हादसे के वक्त आपके साथ कौन था, माताजी?"

"गरिमा."

"पूरा नाम?"

आडनाव तिला ठाऊक नव्हतं. तिनं दौलतसिंहांकडे पाहिलं. ते दोन पावलं पुढे आले, सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावलं आणि टाइपवाल्याला एकेक अक्षर सुटं करून नाव सांगू लागले.