बुधाजीची बंद गाडी

दर रविवारी सकाळी बुधाजी गाडी धुवायला घ्यायचा. गाडी जागची हलायची नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ती उभी असायची आणि हा लुंगी वर खोचून तिच्याभोवती फिरायचा. उरणच्या बाजूला वारा खारा. मिठागरं बुजवून तिथे कंटेनरचे डोंगर उभे राहिले, पण वाऱ्याला ते कुणी कळवलेलं नाही, तो अजून मीठच घेऊन येतो. आठवडाभर हात लावला नाही तर काचेवर चिकट थर बसतो आणि दाराच्या खालच्या कडेला पत्रा फुगायला लागतो. म्हणून आधी नुसतं गोडं पाणी, मग पाइप खाली घालून चाकांच्या मागची माती काढायची, मग मऊ फडकं. कपड्यांचा साबण कधीच नाही, त्याने रंग मरतो. जन्मभर ट्रेलर चालवलेला माणूस तो, त्याला हे कुणी शिकवायला नको होतं.

गाडी त्याने घेतली होती ती सखुबाईसाठी. नवऱ्याने साऱ्या जगाचा माल ओढला आणि बायकोला मात्र रिक्षाने फिरवलं, असं ती येताजाता ऐकवायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं. गाडी आली तशी दोघं एकवीरेला जाऊन आली, पेणला तिच्या बहिणीकडे जाऊन आली, आणि मग एका पावसाळ्यात सखुबाईच गेली. त्यानंतर बुधाजीचा उजवा डोळा अधू झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता स्टेअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हापासून गाडी उभीच होती. विकून टाक म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना तो म्हणायचा, तुमच्या दारात उभी हाय का?

मुलगा परेश उलव्याला फ्लॅटमध्ये राहायचा. त्याची कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरी, सून प्राप्ती बँकेत. अंतर म्हणाल तर नाक्यावर ट्रेलरची रांग नसली की अर्ध्या तासाचं. पण माणूस अंतरामुळे येत नाही असं थोडंच असतं! सखुबाई असताना परेश दर आठवड्याला यायचा. आई गेल्यावर महिन्याने येऊ लागला, मग सणाला. भांडण नाही, अबोला नाही. बापलेकांत बोलणं कधी नव्हतंच, जे होतं ते सखुबाईमार्फत होतं. ती मधली वायर तुटली आणि दोघं आपापल्या घरात गप्प बसले. बुधाजी सकाळी उठायचा, दोन माणसांचा चहा टाकायचा आणि मग आठवलं की उरलेला आपणच पिऊन टाकायचा. टीव्ही लावायचा तो बातम्यांसाठी नव्हे, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. फार एकटा पडला होता तो, आणि हे कुणाला सांगायचं तर ऐकायला कुणी नव्हतं, हीच तर अडचण होती.

पहिल्यांदा बॅटरी उतरली ती मात्र अगदी खरी. बुधाजीला ताप आला होता, दोन रविवार गाडी चालू करायची राहून गेली. तिसऱ्या रविवारी चावी फिरवली तर नुसती टकटक. त्याने परेशला फोन केला आणि नवल म्हणजे परेश तासाभरात हजर झाला. जंपरच्या वायरी घेऊन आला, आपली गाडी नाकाला नाक लावून उभी केली आणि बापाला समजावून सांगू लागला: आधी लाल वायर, मग काळी, काळीचं शेवटचं टोक बॅटरीला नाही, इंजिनच्या लोखंडाला. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला होता, तो त्याने गरम पाणी ओतून साफ केला आणि वर ग्रीस लावलं. बुधाजी पहिलीतल्या पोरासारखा मान हलवत उभा राहिला. एकदा परेशने चिमटा चुकीच्या जागी लावला, तेव्हा याने तो परेश फोनवर बोलत असताना गुपचूप काढून नीट लावला. गाडी चालू झाली. ती चालू ठेवायला हवी होती म्हणून परेश थांबला, थांबला म्हणून जेवला, आणि बोंबलाचं कालवण आईसारखं झालंय असंही म्हणाला. त्या रात्री बुधाजीला गाढ झोप लागली.

पुढच्या महिन्यात बॅटरी पुन्हा उतरली. गाडीच्या आतला छताचा दिवा शनिवारी संध्याकाळी कुणीतरी लावून ठेवला होता. घरात माणूस एकच, तेव्हा कुणी ते सांगायला ज्योतिषी नको. बुधाजीला आपली लाज वाटली, नाही असं नाही. दिव्याचं बटण दाबताना तो इकडेतिकडे बघायचा, जसा काही आपल्याच अंगणात चोरी करतोय. पण परेश आला, लाल वायर, काळी वायर झाली, आणि नारळाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून दोघं गाडीच्या आवाजात बसले. इंजिन चालू असलं की बोलायची सक्ती नसते, आणि सक्ती नसली की माणूस दोन शब्द बोलतो. परेशने साहेबाबद्दल सांगितलं. प्राप्तीची कंबर दुखते ते सांगितलं. असं तीन-चारदा झालं.

मग एका रविवारी परेश एक काळी पेटी घेऊन आला. विटेएवढी, तिला दोन चिमटे. घरी चार्ज करून ठेवायची, चिमटे बॅटरीला लावायचे, गाडी आपोआप सुरू. त्याने एकदा करून दाखवलं, बापाकडून एकदा करून घेतलं आणि घड्याळ बघितलं.

"आता तुला माझी वाट बघायला नको, बाबा," तो म्हणाला.

तो जेवायला थांबला नाही. बुधाजीने पेटी हातात घेतली, छान हाय म्हणाला, आणि परेशची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ती फडताळात तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली. ओटीवर बसून त्याने एकट्याने जेवण केलं. केलेलं कालवण दोन वेळा पुरलं.

आता दिव्याची युक्ती संपली होती. पण चालवणारा तो चालवणाराच. बॅटरीची काळी वायर गाडीच्या लोखंडाला जाते आणि लोखंडाकडून एक पट्टी इंजिनला जाते, तिला अर्थिंग म्हणतात. तिचा नट खाली, अडचणीत असतो. तो सैल पडला की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी सेल्फ घेत नाही, आणि पेटी लावा नाहीतर पेटीचा बाप लावा, काही उपयोग नाही. बुधाजीने बारा नंबरचा पाना घेतला, चटई टाकून गाडीखाली शिरला आणि नट सैल करून आला. उठताना गुडघ्याने जीव नकोसा केला. मग त्याने फोन लावला आणि पेटीने पण चालू होत न्हाय, असं सांगितलं.

परेश आला तो वैतागूनच. पेटी लावली, फ्यूज बघितले, पुन्हा पेटी लावली. बुधाजीला वाटलं होतं, हा दिवसभर बॉनेटमध्ये डोकं घालून बसेल आणि आपण चहा देत राहू. पण परेशला संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं. त्याने हात पुसले आणि सांगितलं, दोर बांधून, टोचन करून नाक्यावरच्या गॅरेजात नेऊ. शेजारचा साहिल कामावर गेलेला, गॅरेजवाला रविवारी गाडी पाठवत नाही. मागच्या गाडीत बसायला माणूस कोण? बुधाजी म्हणाला, मीच बसतो. परेशने त्याच्या डोळ्याकडे बघितलं, जरा घुटमळला, आणि शेवटी म्हणाला, हळूच जाऊ, तू फक्त माझे मागचे दिवे बघ.

दोर गाडीच्या पुढच्या हुकाला लावला, मधोमध लाल फडकं बांधलं, चारही इंडिकेटर लावले. चावी फिरवून ठेवायची, नाहीतर स्टेअरिंग अडकतं. गिअर न्यूट्रलला. दोर कायम ताणलेला ठेवायचा, सैल पडला की झटका बसतो आणि तुटतो. आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो, हे परेशने दोनदा सांगितलं. बुधाजीला तेही माहीत होतं, पण त्याचं लक्षच नव्हतं. वर्षभराने तो रस्त्यावर निघणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगमागे बसला होता.

गाडी हलली. खाचरांमधला रस्ता, पलीकडे भरावावर कंटेनरच्या रांगा, आणि पुढे चार हातांवर परेशचं डोकं. मागून बघितल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पोराला टक्कल पडायला लागलंय. हे आपल्याला माहीत नव्हतं. समोरून बघताना आपण त्याच्याकडे कधी नीट बघतच नाही. बुधाजीला भरून आलं. दोघं एका दोराला बांधलेले, हा वळला की तो वळतोय, हा थांबला की तो थांबतोय, आणि बोलायची कुणाला गरज नाही. नाका लांब गेला तर बरं होईल, असं त्याला वाटलं. असंच पेणपर्यंत नेलं तरी आपली ना नाही.

उतारावर एका यार्डातून ट्रेलर मागे मागे येत रस्त्यात आडवा झाला. परेशचे मागचे दिवे लाल झाले. बुधाजी त्याच्या टकलाकडे बघत होता. दिवे त्याला उशिरा दिसले. त्याने ब्रेक दाबला तर पाय दगडावर पडल्यासारखा. दोर सैल होऊन चाकाखाली गेला. त्याने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, हँडब्रेक खेचला आणि तोंडातून नुसता आवाज निघाला. गाडी परेशच्या डिकीला टेकता टेकता उभी राहिली. पुढे ट्रेलरचं लोखंड परेशच्या बॉनेटपासून हातभर होतं. मागून धक्का बसला असता तर परेश त्या लोखंडातच गेला असता.

परेश उतरून आला.  बापाला लागलं का, ते त्याने आधी विचारलं. बुधाजीचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. पोराच्या जिवाशी खेळलो, आणि कशासाठी, तर जेवायला दुसरं माणूस हवं म्हणून. त्याने खिशातून पाना काढला आणि पुढे धरला.

"अर्थिंगचा नट मीच सैल केला," तो म्हणाला. "गाडीला काय झालेलं न्हाय."

परेश कितीतरी वेळ पान्याकडे बघत राहिला. ट्रेलर निघून गेला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तरी तो हलला नाही.

"दिव्याचं मना पयल्यापासून माहीत होतं," तो म्हणाला. "हे नव्हतं माहीत."

"मग ती पेटी कशाला आणलीस?"

"मना वाटलं, पेटी असली की तू गाडीचं निमित्त करणार न्हाय. सरळ बोलवशील."

"सरळ बोलवलं असतं तर आला असतास?"

परेशने पाना त्याच्या हातातून घेतला. त्याने गाड्या बाजूला घेतल्या, चिखलात पाठ टेकून खाली शिरला आणि नट आवळला. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. रस्त्यावर बाप चालवणार नव्हता, म्हणून परेशने ती परत घरी आणून लावली आणि बुधाजी बाजूच्या सीटवर बसला. परेशची गाडी वाटेतच राहिली होती, ती आणायला तो रिक्षाने गेला आणि तसाच पुढे उलव्याला निघून गेला. पोचल्यावर त्याने फोन केला, एवढं खरं.

तो आठवडा बुधाजीने पोराला सरळ बोलावण्याचं एक वाक्य घोळवण्यात घालवला. म्हटलं तर सोपं वाक्य, लोक रोज म्हणतात. रविवारी त्याने गाडी धुतली, सुरू करून बघितली, व्यवस्थित होती. मग ओटीवर बसून फोन लावला.

"परेश, गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "काय बिघडलेलं न्हाय. तू जेवाला ये."

 परेश म्हणाला, "आज न्हाय जमत, बाबा. प्राप्तीच्या माहेरी जायचं हाय, कवाचं ठरलंय."

बरं, म्हणून बुधाजीने फोन ठेवला. कारण खरं असणार, पोरगा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. काढून ठेवलेलं दुसरं ताट त्याने परत फडताळात ठेवलं. आजवर नकार आला तर तो गाडीला असायचा: बघतो, बॅटरीचं पुढच्या आठवड्यात करू. गाडीला काय वाटायचंय? आजचा नकार थेट त्याला होता, मधे घ्यायला बॅटरी नव्हती, वायर नव्हती. म्हणूनच आपण इतके महिने दिवा जाळत बसलो, हे त्याला भात ढवळताना कळलं, आणि कळून बरं वाटलं असंही नाही. भात जरा जास्तच झाला होता. तो त्याने संध्याकाळी फोडणीला घातला.

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा फोन लावला. नंबर दाबताना तो दोनदा चुकला. भरलेला ट्रेलर पावसात घाट उतरवताना तो कधी चुकला नव्हता.