बटणचं माप

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं आणि मामा कापडाच्या ठाणावर डोकं टेकून घोरायला लागला, की कोपऱ्यातलं जुनं शिलाई मशीन आपोआप चालू व्हायचं. पायडल खालीवर, चाक गरगर, आणि समोर चिटपाखरू नाही.

बटण घाबरायची नाही. हे नाव मामाने ठेवलेलं, कारण लहानपणी ती दुकानातली बटणं तोंडात घालायची. आई गेली तेव्हा ती जेमतेम रांगत होती. वडील तर त्याआधीच गेलेले. त्या मशीनवर आई बसायची. तेव्हा ते कोण चालवतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिला खुपायचं ते वेगळंच. मशीन थांबलं की सुईखाली नवा फ्रॉक असायचा. झालर, खिसा, सगळं देखणं, पण एवढासा! रांगत्या बाळाला बसेल असा. मामा तो उचलून ट्रंकेत टाकायचा. ट्रंकेचं झाकण आता लागेना.

"आईला मी अजून तेवढीच वाटते," एकदा बटण म्हणाली. "रस्त्यात भेटले तर ओळखणार पण नाही मला."

मामा दाताने दोरा तोडत राहिला.

मग तिने शक्कल लढवली. गिऱ्हाइकं मापाला कपडा आणून देतात, तसा तिने आपला एकुलता एक चांगला फ्रॉक मशीनवर ठेवला. मशीन असं काही धावलं! बटण टाळ्या पिटत पुढे गेली आणि मटकन खाली बसली. आईने तिचाच फ्रॉक कापून, आत घेऊन, बाळाच्या मापाचा करून ठेवला होता.

"घ्या! आता शाळेत काय पोतं घालून जाणार?" मामा ओरडला. पण तिचे डोळे भरलेले पाहून तो शेजारी टेकला. "अगं वेडे, तिला वाटलं, कुणीतरी ढगळ शिवलाय. मापाच्या कपड्यावर तिचा विश्वासच नव्हता. माणूस समोर उभं राहिल्याशिवाय ताई माप बदलायची नाही."

"मग मला का नाही उभं केलंस?"

मामा खाली बघत म्हणाला, "तू मोठी झालीस हे कळलं, की ताई काम आटोपलं म्हणून निघून जाईल असं वाटायचं."

बटणने बाहीने डोळे पुसले. "गेली तर गेली. पण मला बघून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपला नाही. बटण मशीनसमोर उभी राहिली. खुंटीवरची टेप सळसळत खाली उतरली आणि तिच्या गुडघ्यापाशी घुटमळली. बाळाचा खांदा तिथेच तर असतो! बटण नकळत वाकायला लागली.

"ताठ उभी राहा," मामा हळूच म्हणाला. "वाकून माप दिलं तर फ्रॉक आखूड होतो."

ती ताठ झाली. टेप चाचपडत वर सरकली. कंबर. दंड. खांदा. तिथे थबकली, परत खाली गेली, परत वर आली. मग तिच्या पाठीवरून फिरून छातीशी आवळली आणि सैल होईचना.

"ताई, पुरे! गुदमरेल पोर."

"तू गप रे मामा," बटण डोळे मिटून म्हणाली.

टेप सुटली तेव्हा मशीन गप्प होतं. दुसऱ्या दिवशीही गप्पच. दोघांना जेवण गेलं नाही. मामाने ते मशीन उगाचच दोनदा पुसलं.

तिसऱ्या दुपारी चाक फिरलं. संध्याकाळपर्यंत फिरत राहिलं.

फ्रॉक बटणला अगदी बेतशीर बसला. मामाने खालची कड उलटून पाहिली आणि हसतच सुटला. आत वीतभर कापड दुमडलेलं होतं आणि ते नुसत्या कच्च्या टाक्यांनी धरलेलं.

"का हसतोस?"

"दरवर्षी उसवून लांब करायची सोय आहे ही. निघून जायचं असतं, तर तिने पक्की शिलाई मारली असती."

बटणने गिरकी घेतली आणि कोपऱ्याकडे वळून म्हणाली, "आई, पुढच्या वेळी खिसा मोठा कर हं. यात पेरू मावत नाही."

चाक अर्धं फिरून थांबलं. तुझी आई अशीच अर्धं हसून थांबायची, मामा म्हणाला.