मुळाशी चिकटलेलं

चिडीचूप घरात टणकन आवाज झाला. लेकीचा हलणारा दुधाचा दात वाटीत पडला होता. मोरीत हस्तिदंत घासणारी आई उठली आणि तिने पोरीच्या हिरडीवर हळूच फुंकर घातली.

"हत्तीचा दातही असाच आपोआप पडतो ना गं?"

आई तिला नेहमी तसंच सांगायची. "हो, बाळा."

दारातला शिकारी बाप खो खो हसला. "पडतोय कसला! गोळी गुडघ्यात लागली, मेलाच नव्हता. जिवंतपणीच कुऱ्हाडीने तोंड फोडून उपटलाय."

आईने मोरीतल्या हस्तिदंताच्या मुळाशी चिकटलेलं मांस घाईघाईने हाताने झाकलं. पोरीने तो हात बाजूला सारला आणि बघतच राहिली.

"आई, मग त्याला फुंकर कोणी घातली?"