एक हजार पन्नास किलोचं घर

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही हलकी वस्तू बनवलेली नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण ह्यांची खुर्ची एका हातानं उचलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. घरातलं जेवणाचं टेबल सरकवायचं तर शेजारच्या दोघांना बोलवावं लागतं, आणि शेजारी हल्ली आम्हाला बघून दार लावून घेतात. "लाकूड कसं हवं? ठणठणीत!" असं म्हणून हे माझ्याकडे बघणार. मी काय बोलणार? मी गाद्या-उशा शिवणारी बाई.

अशा माणसाच्या अंगणात लेकीनं एक कॅरॅव्हॅन आणून उभी केली. जीपमागे जोडून न्यायची, चाकांवरची एक खोलीच म्हणा ना. पस्तीस वर्षांची जुनी, रंग उडालेली, आत कुबट वास. लेक डोळे तपासते. सहा वर्षं एका चष्म्याच्या दुकानात फ्रेमा विकत बसली होती आणि रोज घरी येऊन म्हणायची, "आई, ज्यांना खरं दिसत नाही ते दुकानापर्यंत येतच नाहीत गं." आता एका संस्थेनं तिला दूरदूरच्या वस्त्यांवर जाऊन लोकांचे डोळे तपासायचं काम देऊ केलं होतं. अट एवढीच, की गाडी स्वतःची हवी आणि महिना संपायच्या आत तपासणी केंद्रातून पास झालेली हवी. नाहीतर काम यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होतं.

"बाबा, आतली भिंत ओली आहे. कराल का?" तिनं भीत भीतच विचारलं. कारण वर्षभरापासून ह्यांच्या बोटांना कंप सुटलाय. चहाची कपबशी हातात घेतली की वाजते. कारखाना बंद केला होता, हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली होती. ह्यांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा त्या गाडीकडे, आणि आत जाऊन पटाशीला धार लावायला बसले.

खिडकीखाली एक पिवळा डाग होता. तिथला भिंतीचा कागद मी सुरीनं सोलला. मागची पातळ फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी माझ्या हातात आली. आतली लाकडी पट्टी काळी पडली होती. ह्यांनी तिच्यात बोट घातलं तर बोट आरपार गेलं. आम्ही सोलत गेलो आणि पाहतो तर काय, अर्ध्या भिंतीत लाकूड म्हणून उरलंच नव्हतं. होता तो फक्त बाहेरचा पत्रा, वहीच्या पुठ्ठ्याएवढा. जुन्या स्क्रूच्या भोकांतून उन्हाचे बारीक बारीक ठिपके जमिनीवर पडले होते. छपरावर एक चिमणी येऊन बसली, तर तिची नखं आम्हाला आत ऐकू आली. ती चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली आणि आम्ही दोघं माना वर करून तिच्याबरोबर फिरलो.

"अहो," मी म्हटलं, "ही पोरगी ह्याला चार तास ओढत घेऊन आली आहे. हे उभं कशावर होतं?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता. ह्यांना मात्र राग आला. "ही काड्यापेटी आहे," हे म्हणाले. "माणसानं बनवलेली नाही, कंटाळ्यानं बनवलेली आहे. थांब, मी दाखवतो काम कसं असतं ते."

आधी गळती शोधली. हे शिडीवर चढून तांब्या तांब्यानं छपरावर पाणी ओतायचे आणि मी आत बॅटरी घेऊन. डाग मागच्या खिडकीखाली होता, पण पाणी शिरत होतं पुढच्या कोपऱ्यातून. आधीच्या कुणीतरी तिथे वरून पांढरं सीलंट, फटी बुजवायचं मलम, थापलं होतं, त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच अडकून लाकूड खात बसलं होतं. आपल्या घरांतली भांडणंही अशीच, उगम एकीकडे आणि ओल भलतीकडे. ह्यांनी ते सगळं खरवडलं, कडेची पट्टी काढली, खाली नवी चिकट टेप बसवली आणि सांधा बंद केला. ते काम उत्तमच झालं.

मग ह्यांनी लाकूड आणलं. दोन आठवडे हे ओळखू येत नव्हते. हात थरथरत असला तरी रंधा फिरायला लागला की स्थिर व्हायचा, हे मी स्वतः पाहिलंय. भिंतीला मनगटाएवढे खांब, शिसवीचं कपाट, जाड फळीचा पलंग, दार असं की बंद करताना धप्प आवाज यावा. मी गादी शिवली, पडदे शिवले. खोटं कशाला बोलू, मलाही छाती भरून यायची. लेकीनं कपाटावरून हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, असं कुणाकडेच नसेल," ती म्हणाली. ते अगदी खरं होतं.

सोमवारी तपासणी केंद्रात गाडी काट्यावर चढली. आकडा आला अकराशे वीस. आणि लेकीची यंत्रं, पाण्याच्या टाक्या, चष्म्यांच्या पेट्या हे सगळं अजून चढायचं होतं. ते आणखी एकशेतीस किलो.

"काटा बिघडलाय," हे म्हणाले.

तपासनीस बाई तरुण होत्या, पण शांत. "काका, कालच तपासून घेतलाय."

"मग आधी माझं वजन करा." आणि खरंच की, गाडी खाली घ्यायला लावून हे सगळ्या रांगेदेखत काट्यावर जाऊन उभे राहिले! एक्काहत्तर. घरच्या काट्यावरही एक्काहत्तरच येतात. मागून कुणीतरी हसलं. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाईंनी दाराशेजारची एक छोटी पत्र्याची पट्टी दाखवली. तिच्यावर आकडा कोरलेला होता, एक हजार पन्नास. "सगळ्या सामानासकट एवढंच," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर गेलं तर उतारावर ही मागची गाडी पुढच्या जीपला ढकलत नेते. ब्रेक लागत नाही. जीप कोण चालवणार आहे?"

"मी," लेक म्हणाली.

दोनशे किलो जास्त होते, आणि ते सगळेच्या सगळे ह्यांच्या हातचे. बाईंनी पुढच्या सोमवारची वेळ दिली. त्यापुढे महिना संपत होता.

आम्ही घरी आलो. जेवताना लेक म्हणाली, "मी कळवते त्यांना, मला जमणार नाही म्हणून. बाबा, तुमचं काम मी तोडू देणार नाही." हे मान खाली घालून बसले होते. मी ओरडलेच. "अहो, बोला की काहीतरी! एरवी खिळा वाकडा गेला तर सगळ्या गल्लीला ऐकवता, आणि आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात!" हे भात तसाच टाकून उठले.

सकाळी हे दिसेनात म्हणून मी मागच्या पडवीत गेले. हे जमिनीवर बसले होते. काढून टाकलेल्या जुन्या भिंतीचा एक तुकडा, दाराजवळचा, कोरडा राहिलेला, ह्यांनी करवतीनं नीट कापून पुढ्यात ठेवला होता. हातभर रुंद, दीड हात लांब. कापलेल्या कडेला त्याची रचना दिसत होती. दोन्ही बाजूंना चार-पाच पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत तेवढं पातळ प्लाय, मध्ये थर्माकोल, आणि कडेनं बोटाएवढ्या पट्ट्या. ह्यांनी माझा स्वयंपाकघरातला काटा आणून तो तुकडा त्याच्यावर ठेवला होता. पुरता किलोसुद्धा भरत नव्हता.

ह्यांनी तो दोन विटांवर आडवा ठेवला. "ये. उभी राहा ह्याच्यावर."

"मी? अहो, पंचाहत्तर किलो आहे मी!"

"म्हणूनच."

काय सांगू, ह्यांचा खांदा धरून मी एक पाय ठेवला. मग दुसरा. डोळे मिटून घेतले होते. फळी किंचित वाकली आणि थांबली. मोडली नाही, करकरलीसुद्धा नाही. खालून कुणी तळहात लावून मला तोलून धरावं तसं वाटत होतं. मी खाली उतरून वाकून बघितलं, खरंच कुणी आहे का म्हणून. हेही माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून खाली बघत होते. साठी उलटलेली दोन माणसं, एका फळीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलेली.

"वेगवेगळं घेतलं तर ह्यातलं सगळं हातानं मोडतं," हे हळू आवाजात म्हणाले. "प्लाय मोडतं, पट्टी मोडते, थर्माकोलचा तर भुगा होतो. एकमेकांना नीट चिकटवलं की वरचं दाबलं जातं, खालचं ताणलं जातं, आणि मधलं दोघांना सोडत नाही. केवढी अक्कल आहे गं ही! कुणी केलं असेल हे?" ह्यांनी तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "मी आपला चाळीस वर्षं लाकूड जाड करत बसलो."

ह्यांच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाचं कौतुक मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकत होते.

त्याच दिवशी ह्यांनी करवत घेतली आणि स्वतःचं कपाट स्वतः कापून काढलं. मी दारात उभी होते, पण मला बघवेना. लेक रडत रडत फळ्या बाहेर नेऊन रचत होती. पलंग गेला, दार गेलं, ते मनगटाएवढे खांब गेले. मग नवी भिंत, त्या जुन्या तुकड्याकडे बघत बघत. बारीक पट्ट्यांचं माप ह्यांच्या हातांनी धरवत नव्हतं, म्हणून खुणा मी केल्या, शिवणाच्या खडूनं, आणि कापलं लेकीनं. हे नुसते सांगायचे आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून बघायचे. गोंद वाळेपर्यंत फळी दाबून धरायला वजन लागतं. पाण्याचे कॅन ठेवले, धान्याचे डबे ठेवले, तरी एक कोपरा उचलायचा. मग त्याच्यावर मला बसवलं. तास-तासभर! माझ्या वजनाचा ह्या घराला उपयोग झाला तो असा. एक भिंत तयार झाली की हे तिला पंख्यासमोर धरायचे आणि ती हलते का बघून लहान मुलासारखे हसायचे.

लेकीनं हट्टानं एकच वस्तू ठेवून घेतली. आधीच्या पलंगाचा मोठा खण, आता नव्या हलक्या पलंगाखाली बसवलेला. अख्ख्या लाकडाचा, कोपऱ्याचे सांधे असे की नखसुद्धा अडकू नये.

सोमवारी सगळं सामान भरून आम्ही परत केंद्रात गेलो. यंत्रं, टाक्या, पेट्या, तिचे कपडे, सगळं. गाडी काट्यावर चढली. मी बघतच नव्हते, लेकीनंच वाचलं. एक हजार छप्पन्न.

सहा किलो! तपासनीस बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम. लेक धावत आत गेली आणि मी शिवलेली गादी ओढायला लागली. "मी जमिनीवर झोपेन, चालेल मला."

ह्यांनी तिच्या हातातून गादी सोडवून परत पलंगावर टाकली. मग खाली बसले, खण बाहेर ओढला आणि दारातून माझ्या हातात दिला. मी वाकलेच त्याच्या वजनानं.

"बाबा, तो नाही! तुमच्या हातचं काहीतरी हवंय मला आत."

"वेडी आहेस का?" ह्यांनी भिंतीवर हात टेकवला. "मग ही काय शेजाऱ्यानं केली?"

लेकीनं भिंतीकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. आणि तिनंही आपला हात ह्यांच्या हाताशेजारी भिंतीवर ठेवला. मग दोघं खाली उतरली. काट्यावर एक हजार एकोणपन्नास आलं. बाईंनी कागदावर शिक्का मारला आणि तिला शुभेच्छा दिल्या.

केंद्राच्या फाटकाबाहेर रस्ता एकदम खाली उतरतो. लेक जीपमध्ये बसली, आमच्याकडे बघून हात हलवला आणि निघाली. आम्ही फाटकाशी उभे राहिलो, मी तो खण छातीशी धरून. उताराच्या मध्यावर एक ट्रक आडवा आला. जीपचे मागचे लाल दिवे लागले. हे एक पाऊल पुढे गेले, जणू इथून धावून ती गाडी हातानं धरणार होते.

जीप थांबली. मागची गाडीही तिच्या मागे, आहे तिथेच, गप उभी राहिली. ट्रक गेला. लाल दिवे विझले आणि दोन्ही गाड्या सावकाश उतरून वळणाआड गेल्या.

"पाहिलंस?" हे म्हणाले. "जीपला कळलंसुद्धा नाही गं, मागे अख्खं घर आहे ते."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हे पुसतही नव्हते. पुसायला माझे हात मोकळे नव्हते, म्हणून मी नुसती ह्यांना चिकटून उभी राहिले.