रेषेबाहेरचा मुरूम

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमचा पाय मुरगळला आहे आणि तुम्ही ॲम्ब्युलन्समध्ये आडवे पडला आहात. गाडी सुरू होते. थोडं अंतर जात नाही तोच ती डावीकडे इतकी कलते, की तुमचं डोकं पत्र्यावर आपटतं. मग उजवीकडे. मग पुढचं चाक एका खड्ड्यात जातं आणि गाडी तिथेच थांबते. खड्डा एवढा, की त्यात शेळी बसली तर वरून फक्त शिंगं दिसावीत. ड्रायव्हर उतरतो, खड्ड्याकडे बघतो, डोकं खाजवतो. तुमचा पाय ठणकतोच आहे.

केलीत कल्पना? मग हा रस्ता आता तुमच्या ओळखीचा झाला. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, कुडाचा पाडा नावाची वस्ती आहे. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून तिथे जाणारा हा अडीच किलोमीटरचा रस्ता. कधीकाळी त्यावर डांबर होतं. खडीचे डंपर त्यावरून गेले, मग पावसाचं पाणी साचलं, आणि साचलेल्या पाण्यावरून पुन्हा डंपर गेले. खड्डा असाच वाढतो. तो कुणी बुजवायचा हे मात्र ठरत नव्हतं. अर्ज घेऊन एका कार्यालयात जावं, तर ते दुसरीकडे पाठवायचे. दुसरीकडे जावं, तर पुन्हा पहिल्याकडे.

या पाड्यात नवसी राहायची. नववीतली मुलगी. पाड्यातल्या मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन होती.

आधीची लीग छोटी होती. सगळ्या टीम बोईसरच्या एका मैदानावर जमायच्या आणि दोन रविवारांत सगळं आटपायचं. यंदा समितीने लीगची रचनाच बदलली. गेल्या वर्षीच्या पहिल्या आठ टीमचा एक वरचा गट केला. त्यातल्या प्रत्येकीने दुसरीशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा तिच्या. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दर रविवारी सामना. नवसीची टीम गेल्या वर्षी सहावी आली होती, म्हणजे वरच्या गटात.

"मुरबे गावच्या पोरी दर्याच्या वाळूत धावतात," गोलकीपर तेजल म्हणाली. "आमच्या माळावर येऊ दे त्यांना. गुडघे सोलून पाठवते."

"तू पयले बॉल अडव," नवसी म्हणाली. "मग गुडघे सोल."

पण नवसीला या बातमीचा आनंद झाला तो निराळ्याच कारणाने. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. नवसीही जायची. तिकडे धाकट्या भावाला सांभाळायचं, विटा उलटायच्या. तोपर्यंत शाळेतलं अर्धं पुस्तक पुढे निघून गेलेलं असायचं. यंदा तिने वडिलांना विचारायचं ठरवलं. तिचा बाप चिंतू ओट्यावर बसून चपलेला खिळा ठोकत होता.

"बा, यंदा दर रविवारी मॅच हाय. मार्चपर्यंत."

"दर रविवारी? आन् पोटाला काय, बॉल खानार?"

"राही आत्या बोलली, माझ्याकडं रहा."

"बोलनारच ती. तिला भांडी घासायला कोनतरी पायजेच."

आई आतून म्हणाली, "बहीन कोनाची, आन् बाजू मीच घ्यायची! ठेवील ती पोरीला नीट."

चिंतू हसला. मग त्याने चपलेला आणखी एक खिळा ठोकला. शाळा बुडते, हे नवसीने त्याला दोन वर्षं सांगून पाहिलं होतं. शाळा काय, मागाहून भरून काढता येते, असं त्याला वाटायचं. पण सामना ठरलेल्या दिवशीच होतो, आणि कॅप्टन नसली तर तो होत नाही, एवढं त्याला पटलं.

"मॅच असंल तर रहा," तो म्हणाला. "नाय झाली, तर भट्टीची गाडी येल त्या दिवशी गुमान चढायचं."

"चढीन," नवसी म्हणाली.

समितीचं पत्र मोनाली मॅडमनी मुलींना वाचून दाखवलं. त्या शाळेत खेळ शिकवायच्या आणि टीमही त्यांनीच उभी केली होती. वरच्या गटात राहायचं तर मैदानाच्या दारापर्यंत ॲम्ब्युलन्स आली पाहिजे. मैदान निदान नव्वद मीटर लांब हवं. सोमवारी पाहणी, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला यादी बंद. जी टीम या नियमांत बसणार नाही तिची जागा नवव्या टीमला.

मॅडमनी टेप धरून मैदान मोजलं. एक्क्याण्णव मीटर भरलं. गोलच्या मागेही दोन्हीकडे पुरेशी जागा होती. "मैदानाची काळजीच नको," त्या म्हणाल्या. "काळजी आहे ती रस्त्याची."

मग पाड्याने ठरवलं, की रस्ता आपणच करायचा. शनिवारी सकाळी घरटी दोन माणसं आली. कुदळी, फावडी, घमेली आणि एक ट्रॅक्टर. मोनाली मॅडम नेमक्या त्या शनिवार-रविवारी कोळगावला होत्या. मतदार यादीचं काम होतं, सुट्टी मिळाली नाही.

खड्डा कसा बुजवतात, ते ऐकून ठेवा. आधी त्यातला गाळ काढायचा. कडा सरळ कापायच्या. तळाला मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर मुरूम. मुरूम म्हणजे लालसर, खडेदार, कडक माती. त्यावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मस, म्हणजे दांडा लावलेला जड ठोकळा, उचलून उचलून ती माती ठोकायची, वर उभं राहिलं तरी टाच रुतणार नाही अशी. भातखाचरातली माती इथे कामाची नाही. ती गाडीच्या वजनाने दबते आणि खड्डा पुन्हा उघडा पडतो.

मुरूम कुठे आहे, हे पाड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. तो होता माळावर, जिथे मुली खेळायच्या तेवढ्याच तुकड्यात. बाकी सगळीकडे भातखाचरं.

कामाचा पुढारी होता आनंदा. पन्नाशीचा माणूस, बांध घालण्यात हात बसलेला. त्याने कुदळ खाली ठेवली आणि नवसीला हाक मारली.

"कॅप्टन, मैदान तुमचं हाय. खनू कुठं, तू सांग."

मुलांनो, तुम्ही काय सांगितलं असतं? घाई करू नका, विचार करा. समोर चुन्याच्या पांढऱ्या रेषा आहेत. खेळ होतो तो रेषांच्या आत.

नवसी मैदानाला एक फेरी मारून आली. "रेषेच्या आत कुदळ लागायची नाय, काका," ती म्हणाली. "बाहेर खना. गोलच्या मागं. तिथं ट्रॅक्टर पन जातो."

मीही तेच सांगितलं असतं.

तेजलने गोलमागच्या रेषेवरून दोरी ताणली आणि राखणीला उभी राहिली. एका म्हाताऱ्याचा पाय दोरीला लागला, तशी ती ओरडली, "बाबा, अंगठा आत! फाऊल!"

"कार्ड दाव मला," म्हातारा म्हणाला. "लाल दाव, म्हंजे घरी जाऊन पडतो."

रविवारी दिवस कलला तेव्हा रस्त्यावरचे सगळे मोठे खड्डे बुजले होते. माणसं धुळीने लाल झाली होती. माळावर गोलच्या मागे वीस पावलं लांब आणि कमरेइतका खोल खड्डा पडला होता. रेषेबाहेरचा मुरूम तेवढाच होता. त्याची रेषेकडची कड आनंदाने स्वतः तासली. चुन्याचा एक कण ढळला नाही. सगळ्यांनी येऊन ती कड पाहिली आणि आनंदाची तारीफ केली.

सोमवारी सकाळी मॅडम फाट्यावर उतरल्या आणि चालत पाड्याकडे निघाल्या. वाटेत मागून ॲम्ब्युलन्स आली आणि तिने त्यांना बसवून घेतलं. समितीचे चंद्रभान साहेब पाहणीला ॲम्ब्युलन्समध्ये बसूनच यायचे. तारापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजमापाला चोख. ते उतरले तेव्हा त्यांच्या हातात थर्मासचं झाकण होतं, आणि झाकणात चहा.

"सांडला नाही," ते म्हणाले. "रस्ता कुणी केला?"

"आमी!" सगळ्या मुली एकदम ओरडल्या.

"काल पाम गावाच्या बाजूला गेलो होतो, तिथे माझी कंबर गेली. हा रस्ता पास." त्यांनी कागदावर खूण केली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ओट्यावर बसलेल्या चिंतूनेही मान वर करून पाहिलं.

मग त्यांनी टेप काढली. मैदान एक्क्याण्णव मीटर. दुसरी खूण. मग ते गोलच्या मागे गेले आणि थांबले.

मॅडम त्यांच्या पाठोपाठ आल्या. खड्डा दिसला तसा त्यांनी तोंडावर हात नेला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"मुरूम काढला, साहेब," आनंदा म्हणाला. "रस्त्याला. रेषेच्या आत नाय हात लावला."

"ते दिसतंय." साहेबांनी रेषेपासून कडेपर्यंत टेप धरली. "चाळीस सेंटिमीटर. इथे तीन मीटर सपाट जमीन लागते. गोलकडे धावत आलेली मुलगी रेषेवर थांबत नाही. ती पुढे जाते."

तेजलने खड्ड्यात पाहिलं. तिची जागा बरोबर त्याच्या पुढे होती.

"सर, चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "तीन मीटरचं मी यांना सांगितलंच नाही. जागा होती, म्हणून सांगितलं नाही."

"गोल पुढं घेतला तर?" नवसीने विचारलं.

साहेबांनी पुन्हा मोजलं, आणि तिला टेपवरचा आकडा दाखवला. अठ्ठ्याऐंशीच्या थोडं वर. नव्वद हवेत.

"आन् सगळंच मैदान तिकडं सरकवलं तर?"

"तिकडे भाताचा बांध आहे, बाळ. तिथे मोजून तीन मीटर आहेत. एक वीतही जास्त नाही."

"साहेब, भरून देतो," आनंदा पुढे आला. "पाचाच्या आत भरतो. पन्नास मानसं लावतो."

"कशाने भरणार?"

आनंदाने तोंड उघडलं, आणि त्याची नजर रस्त्याकडे गेली. मग सगळ्यांचीच गेली. दोन दिवस ठोकून ठोकून बसवलेला लाल मुरूम उन्हात सपाट पडला होता.

"खाचरातली माती टाकू," मागून कुणीतरी म्हणालं.

"ती बसायला एक पावसाळा लागेल. तोवर मुलीचा पाय घोट्यापर्यंत जाईल आणि मोडेल." साहेब कडेशी वाकले. त्यांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा तीच जागा मोजली. आकडा तोच होता. "मी सही केली आणि पहिल्याच सामन्यात कुणी यात पडलं, तर मी तिच्या घरच्यांना काय सांगू?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून तर त्यांच्याशी भांडताही येईना.

त्यांनी कागदावर लिहिलं. नवसीने बघायला मागितला, तसा त्यांनी तिच्यापुढे धरला. रस्ता: योग्य. मैदान: अयोग्य. खाली सही. मग ॲम्ब्युलन्स निघाली आणि एकही हिसका न बसता फाट्यापर्यंत गेली.

"मीच सांगलं गोलच्या मागं खना म्हनून," नवसी म्हणाली.

"खनलं तर मी," आनंदा म्हणाला. तो तिथेच खाली बसला. घरी चल म्हणून त्याला दोनदा सांगावं लागलं.

रात्री जेवताना चिंतूने आपल्यातला माशाचा तुकडा नवसीच्या ताटात टाकला.

बुधवारी भट्टीचा ट्रक आला. दर वर्षी तो फाट्यावरच थांबायचा. रस्ता असा, की ड्रायव्हर वर यायला तयार नसायचा. मग भांडी, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं असं सगळं डोक्यावर आणि कडेवर घेऊन अडीच किलोमीटर चालावं लागायचं. यंदा मुकादमाचा फोन आला: रस्ता झालाय म्हणे, गाडी दारातच आणतो.

आणि ट्रक खरंच दारात आला.

"बरं झालं, चालायचं वाचलं," नवसीची आई म्हणाली. मग तिने नवसीकडे पाहिलं आणि गोधडीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

पाच घरांचं सामान चढलं. नवसीने भावाला वर दिलं आणि स्वतः चढणार, तेवढ्यात माळावरून ओरडा ऐकू आला. पाड्यातली बारकी पोरं तिथे खेळत होती. बॉल गोलमागच्या खड्ड्यात गेला होता आणि एक सहा वर्षांचा पोरगा त्याच्यामागे धावत जाऊन आत पडला होता. फार लागलं नव्हतं. कोपर सोललं होतं, तो रडत होता.

नवसीने त्याला वर काढलं, कोपरावरची माती झटकली. मग ती ट्रककडे परत आली आणि बापाच्या बोचक्यातून कोयता ओढून घेतला.

"नवसे, उशीर होतोय," चिंतू म्हणाला. ती थांबली नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तसा चिंतू त्याला म्हणाला, "थांब जरा. पाच मिनिटं थांब."

माळाच्या कडेला करवंदीची जाळी होती. नवसीने तिच्या काटेरी फांद्या तोडल्या, ओढत आणल्या आणि खड्ड्याच्या मैदानाकडच्या कडेने एकीला लागून एक अशा मांडल्या. उडू नयेत म्हणून बुंध्यांवर दगड ठेवले. हातावर ओरखडे उठले. तिने ते फ्रॉकला पुसले आणि पुढची फांदी आणली. वीस पावलांची कड होती. फांद्या अठरा पावलांपर्यंत पुरल्या. हॉर्न पुन्हा वाजला.

नवसीने इकडेतिकडे पाहिलं. मग गोलचा आडवा बांबू बांधला होता त्या दोन्ही सुतळ्या तिने कोयत्याने कापल्या, बांबू खांद्यावर घेतला आणि उरलेल्या दोन पावलांवर आडवा टाकला.